एका टाकीत तीन संसार

निकानोर फुंदोरा याच्याविषयी चार पानं मी लिहावीत असं आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाने ठरवलं, ते मी त्याच्या भिंतीला भिंत लावून जन्म काढला म्हणून. पण भिंतीपलीकडून माणूस किती कळतो? मला त्याचा खोकला ओळखू यायचा, त्याच्या पंपाची घरघर ओळखू यायची, चिडला की तो दार कसं लोटतो हे ठाऊक होतं. त्याने लग्न का केलं नाही ते मला माहीत नाही. तरुणपणी तो सान्तियागोला काही काळ होता, तिथे काय करत होता हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मी टपालकचेरीत शिक्के मारणारा माणूस. दुसऱ्यांनी लिहिलेलं पुढे पाठवायचं एवढंच मला येतं. त्यामुळे जे समोर घडलं तेवढंच लिहितो. ते बहुतेक माशांबद्दलच आहे. त्याला माझा इलाज नाही, आमचं बोलणंच तेवढं होतं.

निकानोर फ्रिज दुरुस्त करायचा. त्याच्या पुढच्या खोलीत एक टाकी होती आणि त्या टाकीने अर्धी खोली खाल्ली होती. काच मूळची एका बेकरीच्या दर्शनी खिडकीची. वादळात बेकरीचं छप्पर गेलं, काच राहिली; ती त्याने आपल्या तीनचाकी सायकलवर आडवी घालून, दोन्ही बाजूंनी आम्हा शेजाऱ्यांना धरायला लावून घरी आणली. हवेचा पंप एका जुन्या फ्रिजच्या काँप्रेसरपासून केलेला. पाणी समुद्राचं, धक्क्याच्या भिंतीपलीकडून डब्यांनी भरून आणलेलं. आमच्या हिबारात, आणि बहुधा सगळ्या क्यूबातच, मासे पाळणारे असंच काहीबाही जुळवून पाळतात, त्यात विशेष काही नाही. विशेष होता तो त्याचा हट्ट.

टाकीत तीन जोड्या होत्या. एक लोरेतोची, म्हणजे पुढून जांभळा आणि मागून पिवळा असा मासा. दोन निरनिराळ्या माशांचे अर्धे भाग कोणीतरी जोडलेत असं वाटावं. दुसरी गोबीची. बोटाच्या दोन पेरांएवढे, काळे, अंगावर निळी रेघ. दुसऱ्या माशांच्या अंगावरची घाण खाऊन ते जगतात. तिसरी जोडी बोकोनची. हा वाळूत बीळ करून राहतो, आणि मादीने अंडी घातली की नर ती सगळी तोंडात घेऊन बसतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत जेवतसुद्धा नाही. हे सगळे आमच्याच खडकांतले, कुठून परदेशातून आणलेले नव्हेत.

तिन्ही जोड्या अंडी घालत. ते अवघड नव्हतं. अवघड पुढचं. लोरेतोची पिल्लं गोबी खायचे, गोबीची लोरेतो खायचे, आणि बोकोनच्या बापाने तोंड उघडून आपली पिल्लं सोडली की त्यांच्यावर सगळेच तुटून पडायचे. कधीकधी बापही. उरलीसुरली पंपात जायची.

रोदोबाल्दो आमच्या मंडळाचा अध्यक्ष. दातांचा डॉक्टर. रविवारी सकाळी जुन्या बाजाराच्या कमानीखाली आम्ही जमायचो, तिथे तो दर वेळी एकच सांगायचा.

"कोंपाय, दोस्ता, वेगळी टाकी कर. एका जातीला एक. पिल्लांना आणखी एक. जगभर लोक असंच करतात."

"समुद्रात त्यांना वेगळ्या खोल्या आहेत का?" निकानोर विचारायचा.

"समुद्र तुझ्या खोलीपेक्षा मोठा आहे."

"आम्ही आई, बाबा, आजी आणि चार भावंडं एका खोलीत वाढलो. कोणी कोणाला खाल्लं नाही."

"एदेल्मिराने तुझं डोकं खाल्लं, ते धरलंस का?"

लोक हसायचे. निकानोरही हसायचा, पण घरी येताना रस्ताभर कुरकुरायचा. मला वाटतं रोदोबाल्दोचंच बरोबर होतं. निकानोरला मी तसं कधी म्हटलं नाही. दुसरी टाकी ठेवायला त्याच्याकडे जागाही नव्हती. पण जागा असती तरी त्याने ठेवली नसती.

एदेल्मिरा त्याची थोरली बहीण. घर तिच्या नावावर. तिचे गुडघे गेले होते, मुलगी ओल्गिनला असायची, आणि ती मुलगी दर फोनला म्हणायची, आई, इकडे ये. आमच्याकडे घर बदलायचं म्हणजे अदलाबदल करायची. ओल्गिनमधलं एक जोडपं समुद्राजवळ घर शोधतच होतं. त्यांचं घर मुलीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. एदेल्मिरा एकटी राहू शकत नव्हती आणि निकानोरने तिला एकटीला सोडलं नसतं, त्यामुळे वाद झालाच नाही. फक्त ओल्गिनला समुद्र नाही. समुद्राचं पाणी तिथपर्यंत डब्यांनी कोण नेणार? टाकी इथेच राहणार हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

त्याने ऑगस्टअखेरपर्यंत मुदत मागितली. त्या जोडप्याला सांगितलं, छप्पर गळतं ते दुरुस्त करून देतो. छप्पर गळत नव्हतं.

मला म्हणाला, "एक पाहिजे, सेराफिन. एकच. लोरेतोचं पिल्लू, ह्या टाकीत जन्मलेलं, ह्याच टाकीत वाढलेलं, दोन्ही रंग आलेलं. ते बघितलं की मी टाकीचा विचार करणार नाही. मग त्यात बटाटे भरा."

गोबी त्याच्याकडे पूर्वी एकदा वाढले होते. गोबी पुष्कळांकडे वाढतात. लोरेतो आमच्या मंडळात कोणाकडेच वाढला नव्हता. जन्मतः पिल्लू पाण्यासारखं असतं, डोळे तेवढे दिसतात. रंग यायला दोनेक महिने लागतात आणि तोवर ते जगत नाही.

जूनमध्ये त्याने एक युक्ती काढली. एदेल्मिराचे जुने पायमोजे तारेच्या चौकटीवर ताणून पेटी केली आणि ती टाकीच्याच एका कोपऱ्यात, काठ पाण्याच्या जेमतेम खाली येईल अशी टांगली. अंडी फुटतात ती अंधार पडला की. तिन्हीसांजेला तो खोलीतले दिवे घालवायचा, पंप बंद करायचा, आणि पेटीवर एकच छोटा कंदील धरायचा. पिल्लं उजेडाकडे येतात. हवेच्या नळीने तो काठावरून इतका हलका प्रवाह सोडायचा की ती आपोआप पेटीत घसरत. बरेचदा दिवे त्याला घालवावे लागत नसत. वीज आधीच गेलेली असायची. त्या उन्हाळ्यात वीज गेली म्हणून आनंद झालेला मी पाहिलेला तो एकटाच माणूस.

रविवारी रोदोबाल्दोने हे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे शेवटी वेगळी टाकी केलीसच की."

"पेटी आहे. पाणी एकच आहे."

"पेटी म्हणजे काय? छोटी टाकी."

"पाणी एकच आहे म्हणतोय ना. तिन्ही जातींची पिल्लं एकत्र आहेत. आईबाप बाहेरून बघतायत."

"बघतायत म्हणजे, भूक लागलीय त्यांना."

ह्यावर निकानोर उठून निघून आला. पुढचे दोन रविवार गेला नाही. रोदोबाल्दोने मला विचारलं, रागावला काय? मी म्हटलं, छप्पर दुरुस्त करतोय.

पिल्लं मात्र टिकली. गोबीची आधी आली होती, ती मोठी होती. मिठागरातून आणलेल्या अंड्यांतून निकानोर बारीक कोळंबी उबवायचा, ती त्यांच्या तोंडात मावू लागली होती. बोकोनची थोडे दिवस काढून मेली. लोरेतोची मूठभर होती आणि ती रोज सकाळी असायची. हे पूर्वी कधी झालं नव्हतं. तो दारातून मला हाक मारायचा, "आहेत," आणि आत जायचा. तेवढीच बातमी.

लोरेतोच्या पिल्लांचं तोंड टाचणीच्या टोकाएवढं. त्यांना कोळंबी चालत नाही. त्यांना लागते ती आम्ही जिला धूळ म्हणतो ती. धूळ म्हणजे खाऱ्या हिरव्या पाण्यात वाढणारे जीव, उजेडाकडे बाटली धरली तर पाणी थरथरतंय असं वाटतं, इतके बारीक. निकानोरने ती गच्चीवर काचेच्या मोठ्या जारांत वाढवली होती. उन्हात हिरवीगार. दुरून बघणाऱ्याला वाटावं कोणीतरी महिनोन्‌महिने पाणी बदललं नाही.

आणि तेच माइदेलिसला वाटायचं. डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरणारे लोक आमच्या गल्लीत दर आठवड्याला येत, माइदेलिस त्यांच्यातली. चांगली मुलगी. पिंपात पाणी दिसलं की त्यात चिमूटभर पावडर टाकायची, दारामागच्या कागदावर सही करायची, कॉफी प्यायची. ती पावडर अळ्या मारते. निकानोरची धूळही मारते.

"आजोबा, ते जार मला आवडत नाहीत," ती म्हणायची.

"तुला कोणी प्यायला सांगितलंय?"

"त्यात डास होतील."

"खारं पाणी आहे, पोरी. डास काय मीठ खायला येणार?"

ती त्याचं ऐकायची, कारण खरंच कधी अळी सापडली नव्हती. पण जुलैत गावात तापाची साथ आली आणि एके सकाळी ती जिन्यावर उभी राहून म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर वरचे साहेब आहेत. ते काही ऐकून घेत नाहीत. दिसेल त्यात टाकायला लावतात. मला गच्चीवर जार दिसले नाहीत तर मी काही बघितलं नाही."

निकानोरचा चेहरा पडला. जार लपवायचे कुठे? माझ्याकडे लपवता येत नव्हते, ते लोक माझ्याही घरात शिरणारच. रोदोबाल्दोचं घर दुसऱ्या भागात, तिथे त्या दिवशी तपासणी नव्हती.

"त्याच्याकडे नेऊ या," मी म्हटलं.

"कोणाकडे?"

"रोदोबाल्दोकडे."

"त्यापेक्षा मी ती पावडर स्वतः खाईन."

मग त्यालाच सुचलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उकळून गार केलेल्या पिण्याच्या पाण्याचे जार ओळीने असायचे, वर चादर. पिण्याच्या उकळलेल्या पाण्याला ते लोक हात लावत नाहीत; माझ्याकडेही लावत नाहीत, कोणाकडेच नाही. जारही तेच, सगळ्या गल्लीत तेच जार. आम्ही दोघांनी हिरवे जार गच्चीवरून उतरवले, मी खालून धरले, त्याने वरून. ते त्याने ओळीच्या मागे ठेवले आणि चादर ओढली. मला म्हणाला, "टपालातसुद्धा एवढं कोणी लपवून पाठवलं नसेल."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. लठ्ठ गृहस्थ, जिना चढून धापा टाकत होते. गच्चीवर काही नाही. पिंपात पावडर पडली. माइदेलिसने चादरीकडे बघितलं आणि म्हणाली, "ते पिण्याचं आहे, साहेब." साहेब म्हणाले, "मग मला एक पेला द्या." निकानोरने पुढच्या जारातलं दिलं. ते घटाघटा प्याले आणि गेले.

इतका खुशीत मी त्याला क्वचितच बघितलं. म्हणाला, चल, समुद्राचं पाणी आणू, टाकीचं थोडं बदलायचं आहे. तीनचाकीवर डबे बांधून आम्ही धक्क्यावर गेलो. तो भिंतीवरून दोरीने डबा सोडायचा, मी ओढायचो. परतताना चर्चच्या चौकात पोचलो तोच गल्लीतून ओरडा ऐकू आला.

"पाणी आलं. पाणी आलं."

त्या वेळी नळाला कित्येक दिवस पाणी नव्हतं. अशा वेळी आमच्याकडे कोणी कोणासाठी थांबत नाही. पाणी तास चालेल की दहा मिनिटं, कोणाला ठाऊक. बादल्या, पातेली, बाळाचा टब, जे हाताला लागेल ते भरायचं. मी म्हटलं, निकानोर, मी पुढे होतो. तो म्हणाला, पळ. भरलेले डबे घेऊन तो मागून पायडल मारत आला.

आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं ते एवढंच की एदेल्मिरा ओल्गिनहून आली होती. मुलीकडे आठवडाभर गेली होती, संध्याकाळच्या गाडीने यायची, ती कोणाच्या तरी ट्रकमधून दुपारीच आली.

माझ्या बादल्या भरून झाल्या आणि पलीकडून दार लोटल्याचा आवाज आला नाही. मला तेच चमत्कारिक वाटलं. मी गेलो. निकानोर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. जार ओळीने चकचकत होते, सगळे भरलेले, पाणी इतकं स्वच्छ की मागची भिंत दिसत होती. एदेल्मिरा स्टुलावर बसून गुडघा चोळत होती.

"आठवडाभर घर तुझ्यावर सोडलं," ती म्हणत होती, "तर पिण्याच्या पाण्याला शेवाळ धरलं. मागचे सगळे जार. लाज आहे का काही? हे पाणी पीत होतास तू? वास येत होता त्याला. मी राखेने घासले, तीनतीनदा खळबळले. गुडघे तुटायची वेळ आली. वरून तुझी पावडर टाकणारी माणसं, त्यांनी बघितलं असतं तर?"

निकानोर म्हणाला, "तू चव बघितलीस?"

"कशाची?"

"त्या पाण्याची. खारट होतं."

"घाणेरड्या पाण्याची चव कोण बघतं, निकानोर?"

ती बिचारी हसत होती. तिला वाटत होतं आता तो थँक्यू म्हणेल. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं.

"तुझे होते?" ती म्हणाली. "तुझे तर गच्चीवर असतात."

"मीच ठेवले इथे," तो म्हणाला. "मीच ठेवले." आणि मोरीपाशी जाऊन वाकून तिच्या भोकात बघू लागला, जणू तिथे काही अडकून राहिलं असेल. तिथे राख होती.

त्याला ओरडताही येईना, हीच खरी पंचाईत. माइदेलिसने सांभाळून घेतलं होतं. एदेल्मिराने घर स्वच्छ केलं होतं. पाणी आलं होतं. गल्लीत लोक आनंदात होते. ज्याच्यावर राग काढावा असं कोणी नव्हतं, तेव्हा त्याने तो माझ्यावर काढला.

"तू पळालास कशाला?"

"तूच म्हणालास पळ."

"मी म्हटलं आणि तू पळालास. नसतास पळाला तर आपण दोघं—" मी थांबलो असतो तर आम्ही दोघंही उशिरा पोचलो असतो. तेही त्याला कळत होतं.

लोरेतोची पिल्लं धुळीवाचून दीड-दोन दिवस काढतील, फार तर. धूळ पुन्हा वाढवायला मुळात थोडी धूळ लागते, विरजणासारखी. ती गावात एकाच माणसाकडे होती. त्याच्या दारात निकानोर जाणार नव्हता. संध्याकाळी त्याने मोजे ताणलेलं जाळं धक्क्यावरून पाण्यात फिरवून जे मिळेल ते आणलं. त्यात काही धूळ होती, आणि पिल्लांना खाणारे दुसरे बारीक भामटेही होते. सकाळी त्याने दारातून हाक मारली नाही.

मग मी न सांगता रोदोबाल्दोकडे गेलो. दवाखान्यात रोगी खुर्चीवर तोंड उघडून बसला होता.

"तो स्वतः का नाही आला?" रोदोबाल्दोने विचारलं.

"पाय दुखतोय त्याचा."

"कुठला?"

मी विचार न करता म्हटलं, "दोन्ही."

रोदोबाल्दोने हत्यार खाली ठेवलं. "मी त्याला गेल्या वर्षीच सांगितलं होतं, धुळीचा एक जार माझ्याकडे ठेव, माझा एक तुझ्याकडे. कोणाचं गेलं तर दुसऱ्याचं असतं. मला म्हणाला, तुझी धूळ आळशी आहे." रोग्याने खुर्चीतून काहीतरी आवाज केला. "तुम्ही गप्प बसा, तुमचं आहेच," त्याला म्हणाला आणि आत जाऊन एक बाटली घेऊन आला. "वीज नसल्यामुळे माझीही अर्धी मेलीय. पातळ आहे. पण ने. आणि त्याला सांग..." बाटलीचं झाकण घट्ट केलं. "जाऊ दे. काही सांगू नकोस."

बाटली कोणाची हे निकानोरने विचारलं नाही. उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाला, "आळशी आहे." पण पेटीत ओतताना हात इतका जपून चालत होता की मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

ती बाटली पुरली नाही. किंवा पुरली आणि दुसरंच काही झालं, मला त्यातलं कळत नाही. लोरेतोची पिल्लं कमी होत गेली. रोज सकाळी तो बारीक नळीने पेटीचा तळ ओढायचा आणि काय निघालं ते सांगायचा नाही. एदेल्मिरा त्याच्या समोर मालांगाच्या कंदाची भाजी ठेवायची आणि म्हणायची, खा, तो खायचा, दोघांचं तेवढंच बोलणं. एकदा मला दारात गाठून ती म्हणाली, "सेराफिन, ते परत कसं करतात ते मला शिकव. मी करते जार हिरवे." मला शिकवता आलं असतं तर मी शिकवलं असतं. मी निकानोरला सांगितलं. तो म्हणाला, "आता घासायचं नाही हेच तिला शिकव," पण मग त्या रात्री त्याने तिच्या गुडघ्यांना तेल लावलं, असं तिनेच नंतर मला सांगितलं.

ऑगस्टच्या मध्याला एक लोरेतो उरला. एका दुपारी त्याने मला ओढतच नेलं.

"डोक्याकडे बघ. जांभळं."

मी वाकलो. पेटीत नखाएवढं काहीतरी थरथरत होतं.

"दिसलं?"

"माझ्या ह्या चष्म्यातून मला सगळंच जांभळट दिसतं, निकानोर."

"मग काढ चष्मा."

"काढला तर मासाच दिसत नाही."

"कपाळ माझं. गावात डोळे असलेला एक माणूस नाही." त्याने एदेल्मिराला हाक मारली. ती गुडघे धरत आली, काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. "आहे," ती म्हणाली. "सावलीसारखं." तो तिच्याकडे संशयाने बघत राहिला. ती त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच दिसलं म्हणून, हे त्याला ठरवता येईना, आणि मलाही आजवर ठरवता आलेलं नाही. दोन दिवसांनी ते पिल्लू नव्हतं. रंग पुरता आला असता तर कोणालाच विचारावं लागलं नसतं.

तीन गोबी मात्र वाढले. निळी रेघ आली, सगळं आलं. रविवारी तो मंडळात आला, कारण शेवटचा रविवार होता. सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. एका टाकीत तीन जाती ठेवून पिल्लं वाढवली म्हणून कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. तो मान खाली घालून उभा.

"गोबी काय," शेवटी तो म्हणाला, "गोबी रोदोबाल्दोच्या चूळ भरायच्या पेल्यातसुद्धा होतात."

"माझ्या पेल्यात रोज रक्त असतं," रोदोबाल्दो म्हणाला, "ते तुझ्या टाकीपेक्षा अवघड."

दोघं एकमेकांकडे न बघता हसले. समेट झाला म्हणायचं तर तेवढाच.

मोठे मासे आम्ही ओळखीच्या कोळ्याच्या होडीतून खडकापाशी नेऊन सोडले. बोकोनच्या नराच्या तोंडात तेव्हा अंडी होती. पकडताना तो थुंकून टाकेल म्हणून निकानोरने अर्धी सकाळ घालवली. टाकीतलं पाणी उपसत उपसत त्याच्या बिळाभोवतीची वाळू सगळीच माझ्या निळ्या बादलीत घेतली. होडीत तो बादलीवर टोपी धरून बसला. बादली पाण्यात हळूच कलंडवली. मासा गेला, तोंड मिटलेलं. निकानोर म्हणाला, "आता समुद्रात ह्याची पिल्लं कोण खातं बघू," आणि हे त्याने कशा अर्थाने म्हटलं हे मला विचारायला हवं होतं, पण कोळी मध्येच इंजिनाविषयी काहीतरी विचारू लागला.

तीन गोबी त्याने माझ्या हाती रोदोबाल्दोकडे पाठवले. "सांग, एकत्र वाढलेत. वेगळे करू नको म्हणावं." रोदोबाल्दोने केले नाहीत.

ओल्गिनचं जोडपं राहायला आलं. माणसं चांगली. त्यांना मासे वगैरे काही ठाऊक नव्हतं. त्या बाईने पहिल्याच आठवड्यात टाकी घासली, आणि पुढच्या वेळी नळाला पाणी आलं तेव्हा काठोकाठ भरून वर फळी घातली. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. एवढं मोठं भांडं रिकामं कोण ठेवील? माइदेलिस त्यात चिमूटभर पावडर टाकून जाते.

निकानोर अधूनमधून फोन करायचा. ओल्गिनमध्ये तो पुन्हा फ्रिज दुरुस्त करू लागला होता. माशांचं काही काढायचा नाही, मीही काढत नसे. फेब्रुवारीत तो गेला, झोपेत, असं एदेल्मिराने कळवलं. त्याच्या चारपाच दिवस आधी त्याचा फोन आला होता. लाइन खराब होती, दोघंही ओरडूनच बोलत होतो. हवेबद्दल बोललो, तिच्या गुडघ्यांबद्दल. मग त्याने विचारलं,

"पाणी आलं का तिकडे?"

"काल आलं."

"किती वेळ होतं?"

"चांगलं दोन तास."

"भरून ठेवलंस ना?"

"सगळं भरलं," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. "झाकून ठेव."